ऑर्वेलचे ताट आणि वुल्फबाईंची पेन्सिल

लंडनवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'ने (१९६०) विलायतेस कधीही न गेलेल्या दोन-तीन पिढ्यांना ते शहर ओळखीचे करून दिले, आणि पुढे मीना प्रभु यांनी 'माझं लंडन'मध्ये तेथेच राहून संसार केलेल्या माणसाच्या डोळ्यांनी ते दाखविले. या दोन पुस्तकांविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यांच्या मागोमाग दिवाळी अंकांतून आणि मंडळांच्या स्मरणिकांतून आलेल्या लेखांच्या लाटेविषयी. त्या लेखांचा साचा ठरून गेलेला असतो. राजवाड्यापुढील पहारेकरी, टॉवरमधील कोहिनूर, मेणाचे पुतळे, आणि मग जेवणावर एक परिच्छेद. त्या परिच्छेदात उकडलेले बटाटे असतात, मिठाचा पत्ता नसतो, आणि अखेरीस कोणा देशी गृहिणीच्या हातचा वरणभात मिळून लेखकाचा जीव भांड्यात पडतो. लंडनहून परतल्यावर आम्हीही असाच एक लेख लिहिला होता. तो कोणी छापला नाही, हे आता बरेच झाले असे वाटते.

कारण तो परिच्छेद लंडनविषयी नसतोच. तो आपल्या जिभेविषयी असतो. एखादे शहर त्याच्या ताटावरून वाचावयाचे असेल, तर त्या ताटावर जेवलेल्या माणसाकडे जाणे भाग आहे. या दृष्टीने आम्ही गेल्या काही महिन्यांत चार लहान इंग्रजी निबंध पुन्हा वाचले. तीन जॉर्ज ऑर्वेल यांचे आहेत आणि ते लंडनच्या 'ईव्हनिंग स्टँडर्ड' या सायंदैनिकात दोन महिन्यांच्या आत प्रसिद्ध झाले: इंग्रजी स्वयंपाकाची बाजू मांडणारा १५ डिसेंबर १९४५ रोजी, चहावरचा १२ जानेवारी १९४६ रोजी आणि 'द मून अंडर वॉटर' हा पबवरचा ९ फेब्रुवारी १९४६ रोजी. चौथा व्हर्जिनिया वुल्फ यांचा, १९२७ सालचा 'स्ट्रीट हॉन्टिंग'. त्याचा विषय लंडनच्या रस्त्यांवरील भटकंती. खाणे, पिणे आणि हिंडणे असे तिन्ही यांत आले. शाकाहारी आणि मद्य न घेणाऱ्या माणसाने पबवरील निबंधाची समीक्षा करावी यात थोडा विनोद आहे, हे आम्ही जाणून आहोत. तथापि वाचण्यासाठी पिण्याची अट नसते.

प्रथम काळ ध्यानात घेतला पाहिजे. महायुद्ध संपून काही महिनेच झाले होते. लोणी, मांस, साखर, चहा, सर्व शिधापत्रिकेवर. चहा आठवड्याला माणशी २ औंस, म्हणजे आपल्या मापाने ५७ ग्रॅमच्या आसपास. आमची बरीचशी नोकरी अन्न व नागरी पुरवठा खात्यात गेली असल्यामुळे या आकड्याचा अर्थ आम्हांस निराळा सांगावा लागत नाही. ज्या समाजात वस्तू मोजून मिळते, त्या समाजात तिच्याविषयीचे बोलणे मोजके राहत नाही. रांगेत उभी असलेली माणसे तासन्‌तास फक्त खाण्याविषयी बोलतात. ऑर्वेल यांचे हे तीनही निबंध त्या रांगेत उभे राहून लिहिलेले आहेत. चहावरच्या निबंधातील ११ नियम वाचताना अनेकांना तो नुसता लहरीपणा वाटतो: पाने भारताची किंवा सिलोनची हवीत, किटली आधी गरम केलेली हवी, चहा कडक हवा, कपात आधी चहा आणि मग दूध, आणि साखर मुळीच नको. (या शेवटच्या नियमाने आमच्या माळव्यात ऑर्वेल यांना कोणी दुसऱ्यांदा घरी बोलावले नसते.) परंतु निबंधाच्या शेवटी ते हिशेब करतात की नीट वापरल्यास त्या २ औंसांतून वीसेक चांगले कप निघावेत. हा हिशेब वाचला की आधीच्या लहरी लहरी राहत नाहीत. थोडेच मिळणार असेल तर ते उत्तमच व्हावे, हा त्यामागील आग्रह आहे.

इंग्रजी स्वयंपाकावरचा निबंध याहून महत्त्वाचा. इंग्रजांचे अन्न वाईट, असे परकेच नव्हे तर खुद्द इंग्रजही म्हणतात, त्याला ऑर्वेल यांचा आक्षेप आहे. मग ते यादी देतात. धुरावलेला हेरिंग मासा, यॉर्कशायर पुडिंग, डेव्हनची साय, मफिन आणि क्रम्पेट; नाताळचे पुडिंग, काकवीचे टार्ट; भाजलेल्या मांसाखाली त्याच तुपकट रसात खरपूस झालेले बटाटे; पुदिन्याची, सफरचंदाची, पावाची सॉस; ऑक्सफर्डचा मार्मालेड; स्टिल्टन आणि वेन्स्लीडेल ही चीज. यादीत आम्ही खाऊ शकू असे निम्मेही नाही, तरी वाचताना भूक लागते. यादी करणे हे गद्यातील फार अवघड काम आहे. पदार्थांमागून पदार्थ येतात आणि कंटाळा येत नाही, याचे कारण प्रत्येकाजवळ लेखक क्षणभर थांबतो, कधी एक विशेषण देतो, कधी नुसते नाव घेऊन पुढे जातो.

यादीनंतर मात्र ते स्वतःच्याच पक्षाविरुद्ध साक्ष देतात. हे सर्व पदार्थ इंग्लंडात आहेत खरे, पण पाहुण्याला ते मिळणार नाहीत, कारण ते घरात आहेत. चांगले यॉर्कशायर पुडिंग गरिबातल्या गरीब घरी मिळण्याचा संभव अधिक, उपाहारगृहात कमी. महागड्या उपाहारगृहांत फ्रेंचांची नक्कल आणि खाद्यपदार्थांची यादीही फ्रेंचमध्ये; स्वस्त आणि चांगले हवे तर पाय आपोआप ग्रीक, इटालियन किंवा चिनी खाणावळीकडे वळतात; आणि पबमध्ये बटाट्याच्या काचऱ्या नि बेचव सँडविच यापलीकडे काही नाही. आमच्या प्रवासवर्णनकारांनी चिडून जे लिहिले ते ऑर्वेल यांनी शांतपणे मान्य करून ठेवले आहे. भेद इतकाच की प्रवासी उपाहारगृहाच्या दारावरून परततो, आणि ऑर्वेल म्हणतात की आत, माजघरात जाऊन पाहा.

येथे एक प्रश्न विचारावासा वाटतो. माजघरात कोण आहे? संपूर्ण निबंधात रांधणारे माणूस दिसत नाही. पदार्थ जणू आपोआप शिजतात. ऑर्वेल यांची पत्नी आयलीन १९४५ च्या मार्चमध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी वारली होती. लंडनच्या इझ्लिंग्टन भागात कॅनन्बरी चौकातील घरात ते दत्तक घेतलेल्या लहान मुलासह राहत होते आणि घर पाहावयास एक बाई ठेवली होती. घरच्या अन्नाचे हे गुणगान त्या वर्षाच्या डिसेंबरातले आहे. निबंधात याचा उच्चार नाही, आणि चरित्र हाती घेऊन निबंध उघडणे ही समीक्षेची वाईट सवय आहे हेही आम्ही मानतो. तरी हे कळल्यानंतर त्या यादीतील पदार्थ पूर्वीसारखे नुसते चविष्ट राहत नाहीत.

पबवरील निबंधात हे अधिक जाणवते. 'मून अंडर वॉटर' हा ऑर्वेल यांचा आवडता पब. तो बसथांब्यापासून दोन मिनिटांवर, पण आडगल्लीत असल्यामुळे दंगेखोरांना सापडत नाही. लाकूडकाम, आरसे, ओतीव लोखंडाच्या शेगड्या, तंबाखूच्या धुराने पिवळे पडलेले छत, सर्व जुन्या व्हिक्टोरियन वळणाचे. रेडिओ नाही, पियानो नाही. बोलणे ऐकू येते. वाढणाऱ्या प्रौढ बाया गिऱ्हाइकांना नावाने ओळखतात. खायला कलेजीच्या सॉसेजची सँडविच, चीज, लोणची, शहाजिरे घातलेली मोठी बिस्किटे, आणि गोमंतकीय वाचकांच्या तोंडाला पाणी सुटावे असे शिनाण्यांच्या जातीचे शिंपले. पिंपातून काढलेली काळी, मऊ फेसाची स्टाउट बिअर. ती कथलाच्या मगातून प्यावी. मागे बाग, झाडांखाली हिरवी टेबले, मुलांना झोपाळे आणि घसरगुंडी.

आणि मग लेखक सांगतो की असा पब अस्तित्वातच नाही. दहा गुणांपैकी आठ असलेला एक त्यांना ठाऊक आहे. त्यातही पिंपातली स्टाउट आणि चिनी मातीचे मग नाहीत. ही कलाटणी शाळकरी युक्ती म्हणून सोडून देता येईल, परंतु ती युक्ती नव्हे. वाचक तोवर त्या पबमध्ये जाऊन बसलेला असतो. तेथून त्याला उठविले जाते. नसलेल्या वस्तूचे वर्णन असलेल्या वस्तूपेक्षा अधिक नेमके असते, हे आपल्याकडे माहेरच्या ओव्या रचणाऱ्या बायकांना ठाऊक होते.

या निबंधातील आमच्या मते सर्वांत खोल जागा बागेची आहे. ऑर्वेल म्हणतात की बागेमुळे संपूर्ण कुटुंब येऊ शकते. बाईला मूल सांभाळत घरी बसावे लागत नाही. मुलांना आत येण्यास कायद्याने बंदी, तरी ती आईबापांचे पेले आणण्यासाठी आत शिरतात, आणि हा कायदा मोडण्याच्याच लायकीचा आहे. मुलांना, आणि म्हणून बायकांना, बाहेर ठेवल्यामुळेच पब हे कुटुंबाने एकत्र जमण्याचे ठिकाण न राहता नुसते पिण्याचे दुकान झाले, असा त्यांचा आरोप आहे. आयुष्यभर नियमांच्या अंमलबजावणीत घालविलेल्या आमच्यासारख्याला हे वाक्य खटकावयास हवे होते. ते खटकले नाही. पहिल्या निबंधात न दिसलेली घरधनीण या बागेत येऊन बसली आहे, आणि हा पब अस्तित्वात नाही.

पुढे या निबंधाचे जे झाले ते ऑर्वेल यांना आवडले नसते. इंग्लंडमधील वेदरस्पून या पबांच्या मोठ्या साखळीने आपल्या कित्येक पबांना हेच नाव दिले. लंडनमध्ये लेस्टर चौकातही त्या नावाची पाटी लागली, म्हणजे आडगल्लीच्या अगदी उलट. आम्ही स्वतः टेम्स नदीच्या दक्षिणेस सदर्क भागातील 'जॉर्ज इन' पाहिली. हमरस्त्यावरून एका बोळात वळले की आतल्या चौकात ही लाकडी सज्ज्यांची जुनी सराई उभी आहे. १६७६ च्या आगीनंतर ती १६७७ मध्ये पुन्हा बांधण्यात आली आणि आज ती नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या मालकीची आहे. चौकातल्या बाकावर आम्ही आल्याचे गोड सोडा-पाणी घेऊन तासभर बसलो. शेजारच्या बाकावर एक आजोबा, त्यांची सून आणि दोन मुले बटाट्याच्या काचऱ्या खात होती. छत धुराने पिवळे होण्याची सोय आता राहिलेली नाही. १ जुलै २००७ पासून इंग्लंडात पबमध्ये धूम्रपानास बंदी आहे. ऑर्वेल यांच्या दहांपैकी किती गुण भरले, हे मोजण्याचे आम्ही टाळले.

व्हर्जिनिया वुल्फ यांचा निबंध याहून निराळ्या जातीचा. हिवाळ्यातील संध्याकाळ आहे, पेन्सिल विकत घ्यावयाची आहे, आणि ते निमित्त करून बाई घराबाहेर पडतात. तेव्हा त्यांचे घर ब्लूम्सबरीतील टॅव्हिस्टॉक चौकात होते. पेन्सिल स्ट्रँडवरच्या दुकानात मिळते. वाटेत जोड्यांच्या दुकानातील एक ठेंगणी स्त्री, दोघे अंध भाऊ, जुन्या पुस्तकांची दुकाने, दिव्यांचा उजेड, नदी. दुकानदार नवराबायकोचे भांडण झालेले आहे. पेन्सिल शोधता शोधता ते निवळते. बाई घरी परततात. हिंडण्याच्या सुखाविषयी याहून तरल गद्य इंग्रजीत थोडेच असेल. आमच्यासारख्याला त्याची भाषांतरेही करवत नाहीत.

पण या निबंधात कोणी काही खात नाही. भटकंती चहा आणि रात्रीचे जेवण यांच्या मधल्या वेळात बसविलेली आहे, असे बाई आरंभीच सांगतात. चहा झालेला आहे. जेवण घरी तयार होते आहे, आणि ते नेली बॉक्सल नावाची स्वयंपाकीण करते आहे, जी वुल्फ यांच्या घरी १९१६ ते १९३४ पर्यंत होती. पोट भरलेले आणि परतण्याची वेळ ठरलेली असली म्हणजे रस्त्यावरील भुकेली माणसे चित्रासारखी दिसू लागतात. वुल्फ यांना हे कळत नव्हते असे नाही. स्त्रियांच्या महाविद्यालयातील निकृष्ट जेवण आणि पुरुषांच्या महाविद्यालयातील मेजवानी यांतील अंतरावर त्यांनीच दोन वर्षांनी, १९२९ मध्ये, 'अ रूम ऑफ वन्स ओन' या पुस्तकात नेमके बोट ठेवले. ताटाचा आणि विचाराचा संबंध त्यांच्याइतका थोड्यांनी ओळखला. तरी 'स्ट्रीट हॉन्टिंग'मधले लंडन हे काचेपलीकडून पाहिलेले लंडन आहे.

त्याच शहरात भुकेने हिंडलेली माणसे आहेत, आणि त्यांतील काही आपली आहेत. १८८८ साली मोहनदास गांधी नावाचा काठेवाडी विद्यार्थी मांस न खाण्याचे आईला दिलेले वचन घेऊन लंडनात उतरला. आत्मकथेत ते सांगतात की शाकाहारी खाणावळ शोधीत ते रोज दहा-बारा मैल चालत, स्वस्त दुकानात शिरून पोटभर पाव खात आणि तरी तृप्ती होत नसे. अखेर फॅरिंग्डन स्ट्रीटवर अशी खाणावळ सापडली. तेथेच हेन्री सॉल्ट यांचे शाकाहारावरचे पुस्तक एका शिलिंगाला घेतले आणि इंग्लंडात आल्यापासूनचे पहिले मनासारखे जेवण जेवले. हाही 'स्ट्रीट हॉन्टिंग'च आहे, परंतु यात पेन्सिलीच्या जागी पोट आहे. १९२० नंतरच्या वर्षांत बाबासाहेब आंबेडकर लंडनात अभ्यास करीत होते. घरमालकिणीकडचे तुटपुंजे जेवण आणि रात्री वाचता वाचता भाजून खाल्लेले पापड, या गोष्टी धनंजय कीर यांच्या चरित्रामुळे मराठी वाचकाला परिचित आहेत. दिवाळी अंकांतील आमच्या वरणभाताच्या परिच्छेदांना त्या पापडांशेजारी ठेवून पाहावे.

भुकेचे लंडन ऑर्वेल यांनाही ठाऊक होते, आणि येथे ते वुल्फ यांच्याहून वेगळे पडतात. १९३३ सालच्या 'डाउन अँड आउट इन पॅरिस अँड लंडन'मध्ये बेघरांच्या निवाऱ्यांतला चहा आणि मार्गारिन लावलेले पावाचे दोन तुकडे, हेच दिवसांमागून दिवस जेवण आहे. ज्याने ते दोन तुकडे खाल्ले, त्यानेच बारा वर्षांनी इंग्रजी पावाची स्तुती लिहिली. म्हणून ती स्तुती वाचताना सावध राहिले पाहिजे, आणि आमच्या मते साऱ्या निबंधाची चावी तेथेच आहे.

स्वयंपाकावरील त्या निबंधात ऑर्वेल म्हणतात की इंग्रजी पाव सगळाच चांगला, आणि त्याची दोन टोके दाखविण्यासाठी उदाहरणे देतात ती अशी: शहाजिरे घातलेले ज्यूंचे भले थोरले पाव आणि काळ्या काकवीच्या रंगाचा रशियन राय पाव. येथे थांबावयास हवे. 'इंग्रजी' या शब्दाखाली दिलेली ही उदाहरणे आहेत. १८८१ नंतर रशियन साम्राज्यातील अत्याचारांतून पळालेले ज्यू लंडनच्या पूर्व भागात येऊन राहिले, तेव्हा त्यांच्याविरुद्ध ओरड झाली, आणि अशा आगंतुकांना रोखण्यासाठी १९०५ साली 'एलियन्स ॲक्ट' हा कायदा झाला. त्या कायद्यानंतर ४० वर्षांनी त्यांच्या भट्टीतला पाव एका इंग्रज लेखकाला इंग्रजीच वाटतो आहे, इतका की तसे वेगळे सांगण्याची गरजही त्याला भासत नाही. आणि हा लेखक या बाबतीत निर्दोष नव्हता. 'डाउन अँड आउट'मध्ये ज्यूंविषयी ओंगळ उल्लेख आहेत. १९४५ च्याच वसंतात मात्र त्यांनी ब्रिटनमधील ज्यूद्वेषावर स्वतंत्र निबंध लिहिला. त्यानंतर काही महिन्यांनी हे पाव आले. जुन्या वृत्तीचे प्रायश्चित्त म्हणून ते मुद्दाम घातले असतील असे आम्हांस वाटत नाही. ते जिभेला इंग्रजी लागले म्हणून आले, आणि म्हणूनच त्यांचे मोल अधिक. जुलै १९४६ मध्ये तर पावही शिधापत्रिकेवर गेला, जो युद्धातसुद्धा गेला नव्हता.

मात्र या यादीत करी नाही. हॅना ग्लास यांच्या १७४७ च्या पाककृतींच्या पुस्तकात करीची कृती आहे. शेख दीन महंमद यांनी लंडनच्या जॉर्ज स्ट्रीटवर १८१० साली हिंदुस्थानी खाण्याचे 'हिंदुस्थानी कॉफी हाउस' काढले होते, तळलेला मासा आणि बटाटे एकत्र विकणारे इंग्लंडमधील पहिले दुकान निघण्याच्या निदान ४०-५० वर्षे आधी. (१८१२ मध्ये त्यांचे दिवाळे निघाले, ही गोष्ट वेगळी.) दीन महंमद पाटण्याचे आणि ऑर्वेल जन्माने मोतीहारीचे, म्हणजे दोघेही आजच्या बिहारमधले. शिवाय ऑर्वेल यांनी ब्रह्मदेशात पोलिसात पाच वर्षे काढली होती. ज्यूंच्या पावाला इंग्रजी म्हणणाऱ्या या लेखकाला दोनशे वर्षे इंग्रज घरात शिजत असलेली करी आठवू नये? विसर पडला असे आम्ही म्हणणार नाही. ज्या राज्याची नोकरी लाजेने सोडली, त्याची चव ताटात नको असावी. येथे त्यांची प्रामाणिक जीभ पहिल्यांदा संकोचली आहे, आणि या निबंधाचा आम्हांस दिसणारा खरा दोष हाच.

याच विषयावर ब्रिटिश कौन्सिलने त्यांच्याकडून १९४६ साली एक मोठा लेख मागविला, तोही येथे नोंदवावा. भाज्यांना इंग्रज स्वयंपाकात योग्य मान मिळत नाही, अशी कबुली त्यात आहे. आम्हा शाकाहाऱ्यांना तेवढे पुरे. टंचाईच्या दिवसांत परदेशी वाचकांपुढे खाण्याचे वर्णन नको, अशा कारणाने तो लेख परत गेला. त्याबद्दल कौन्सिलने २०१९ साली दिलगिरी व्यक्त केली. कचेरीच्या गतीचा अनुभव असल्याने ७३ वर्षे आम्हांस फार वाटली नाहीत.

आज लंडनमध्ये हिंडताना ऑर्वेल यांची यादी कशी वाढली ते पावलोपावली दिसते. तळलेला मासा तेथे स्पेन-पोर्तुगालहून आलेल्या ज्यूंनी आणला. अस्सल लंडनकरांचे म्हणून मानले जाणारे खाणे म्हणजे मांसाची पाय, कुस्करलेला बटाटा आणि वर पार्स्लीची हिरवी पातळ सॉस. टॉवर ब्रिज रोडवर ते विकणाऱ्या जुन्या दुकानावर 'मान्झे' हे नाव आहे, आणि मिकेले मान्झे इटलीतील राव्हेलोहून आले होते. ब्रिक लेनच्या कोपऱ्यावरची एक इमारत १७४३ साली फ्रान्समधून परागंदा झालेल्या प्रॉटेस्टंटांचे प्रार्थनामंदिर म्हणून उभी राहिली; पुढे ती मेथॉडिस्टांकडे गेली, १८९८ मध्ये ज्यूंचे सिनेगॉग झाली आणि १९७६ मध्ये सिल्हेटी बंगाल्यांची मशीद. भिंती त्याच. त्याच गल्लीत बंगाली खाणावळी आहेत आणि रात्रंदिवस उघडे असणारे ज्यू पद्धतीच्या बेगलचे दुकानही. ऑर्वेल यांनी आशा धरली होती की टंचाई संपल्यावर इंग्रजी पाकसिद्धी पुन्हा डोके वर काढील. टंचाई १९५४ मध्ये संपली. पाकसिद्धीला आणखी काही दशके लागली. गांधींच्या फॅरिंग्डन स्ट्रीटच्याच पुढच्या भागात, फॅरिंग्डन रोडवर, १९९१ साली 'द ईगल' या पबने नीट स्वयंपाक सुरू केला आणि पबमध्ये जेवण्याची नवी रीत पडली. हौन्सलोमध्ये २०१० पासून वडापावचे दुकान आहे, याची नोंद मराठी वाचकासाठी.

वुल्फबाईंनी पेन्सिल घेतली त्या स्ट्रँडवर आणखी एक जागा होती. कृष्ण मेनन यांच्या इंडिया लीगच्या मंडळींनी १९५१ साली काढलेला इंडिया क्लब पुढे तेथे आला होता. अरुंद जिना चढून वर जावयाचे, साधी टेबले, भिंतीवर जुन्या तसबिरी, आणि डोसा. आम्ही तेथे दोनदा जेवलो. इमारतीचा नवा उपयोग करावयाचा म्हणून सप्टेंबर २०२३ मध्ये तो बंद झाला. ऑर्वेल यांच्या पबला अस्तित्वच नव्हते. याला ते होते, एवढाच फरक.

आमच्या घरी पोह्यांवर रतलामी शेव पडते, वर जीरावन, आणि शेजारी जिलेबी. आमचे पूर्वज होळकरांच्या पदरी माळव्यात आले त्याला दोन शतके उलटली, तरी पुण्याकडील पाहुणे ती बशी पाहून हसतात आणि हे मराठी पोहे नव्हेत म्हणतात. बडोद्याच्या घरांतील वरणाचा गोडवा आणि हैदराबादच्या घरांतील चिंच यांविषयीही हेच ऐकावे लागते, हे वाचकांस सांगणे नको. त्या हसण्याला उत्तर म्हणून आम्ही वर्षानुवर्षे आमच्या अस्सलपणाचे दाखले देत आलो: सणाला पुरण कसे, कटाची आमटी कशी. म्हणजे आम्हीही याद्याच केल्या, आणि त्यांतून आमचीच जीरावनाची डबी गाळली.

ऑर्वेल यांच्या निबंधांची आमची प्रत महाविद्यालयीन काळातली, इंदूरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून घेतलेली. त्यात तेव्हा आम्ही पेन्सिलीने रेघा ओढल्या होत्या: पुडिंगांखाली, चीजच्या नावांखाली, पबच्या बागेखाली. पावाच्या त्या वाक्याखाली काही नव्हते. परवा ओढली.